एसएमयू की टीसीयू: टेनिसचे 18 हजार किती वर्षं पुरतील?

डॅलसजवळ फ्रिस्कोला राहणाऱ्या एका जोडप्याचं पत्र आहे. मुलगा बारावीत, फायनान्स करायचं म्हणतो, टेनिस बऱ्यापैकी खेळतो. डॅलसच्या सदर्न मेथडिस्टने (एसएमयू) गुणवत्तेवर वर्षाला 20 हजार डॉलर आणि टेनिससाठी 18 हजार देऊ केलेत. फोर्ट वर्थच्या टेक्सस ख्रिश्चनने (टीसीयू) गुणवत्तेवर 27 हजार, टेनिससाठी शून्य. राहणं-जेवण धरून पहिल्या वर्षाचा खर्च एसएमयूत 88 हजार, टीसीयूत 82 हजार. 529 खात्यात (कॉलेजच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) 1 लाख 30 हजार आहेत आणि धाकटी मुलगी आठवीत आहे. वडील लिहितात, "एसएमयू आता एसीसीत गेलं, आर-वन झालं, नाव वरच जाणार. कमी पडले तर 401-के मधून कर्ज काढतो." (एसीसी ही विद्यापीठांच्या खेळांची एक मोठी कॉन्फरन्स, म्हणजे लीग; आर-वन हा संशोधनासाठीचा वरचा दर्जा; 401-के हे नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं.) आईचं एकच वाक्य आहे: "मला त्या कॉन्फरन्सचं काही कळत नाही, पण हिशेब टीसीयूचा बसतो."

ताई, हिशेब आधी मांडून बघू, कॉन्फरन्सचं मग.

खर्च दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढतो आणि शिष्यवृत्ती तेवढीच राहते, असं धरलंय. म्हणजे चार वर्षांत एसएमयूचा एकूण खर्च 3 लाख 74 हजार होतो. दोन्ही शिष्यवृत्त्या चारही वर्षं मिळाल्या, तर तुमच्या खिशातून 2 लाख 22 हजार जातील. टीसीयूला 2 लाख 40 हजार. इथवर एसएमयू 18 हजारांनी स्वस्त. पण टेनिसचे पैसे पहिल्याच वर्षानंतर थांबले, तर एसएमयूचा आकडा 2 लाख 76 हजारांवर जातो. टीसीयूशी बरोबरी व्हायलाच टेनिसची शिष्यवृत्ती तीन वर्षं टिकावी लागते. टीसीयूच्या आकड्यात टेनिसचा एक डॉलरही नाही, त्यामुळे जाण्यासारखंही काही नाही.

तुम्ही जोडलेल्या कागदांतलं एसएमयूच्या खेळ-शिष्यवृत्तीचं दुसरं पान पुन्हा वाचा. कालावधीच्या रकान्यात एकच शैक्षणिक वर्ष लिहिलंय. घाबरू नका, मोठ्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठांना 2015 पासून नियम आहे की खेळ खालावला किंवा दुखापत झाली म्हणून शिष्यवृत्ती काढता येत नाही. कोचची मर्जी गेली म्हणून पैसे जातील, ही भीती आता कमी आहे. धोका दुसरीकडून आहे. मुलाने आपणहून टेनिस सोडलं, तर हा नियम त्याला वाचवत नाही. हंगामात आठवड्याला 20 तास सराव आणि सामने धरले जातात, प्रवास वेगळा. एसीसीत 18 विद्यापीठं आहेत, बॉस्टनपासून मायामीपर्यंत आणि आता पार कॅलिफोर्नियापर्यंत. दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपच्या मुलाखती सुरू झाल्या आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, मला आता नाही खेळायचं," तर तुम्ही काय म्हणाल? "18 हजारांचा प्रश्न आहे, खेळ," असं म्हणावं लागणं मला बरं वाटत नाही.

आता वडिलांचा मुद्दा. एसएमयूची कहाणी भारी आहे, हे मान्य. 1987 साली एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) त्यांचा फुटबॉलचा अख्खा हंगाम रद्द केला, नंतर साउथवेस्ट कॉन्फरन्सच मोडली आणि ही मंडळी कित्येक वर्षं दुय्यम कॉन्फरन्समध्ये फिरत राहिली. जुलै 2024 मध्ये ती एसीसीत शिरली, तेही कॉन्फरन्सला मिळणाऱ्या टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं सोडून देऊन. घोषणेनंतर आठवडाभरात देणगीदारांनी 10 कोटी डॉलर जमवले आणि पहिल्याच हंगामात फुटबॉल संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफला गेला. टीसीयू 2012 पासून बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये आहे, टीव्हीचा पूर्ण वाटा घेते आणि जानेवारी 2023 मध्ये फुटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना खेळली. (65-7 ने हरली, ते सोडा.) भविष्याचं म्हणाल, तर बिग ट्वेल्व्हचा टीव्ही करार 2031 पर्यंत आहे, एसीसीचा 2036 पर्यंत. पण एसीसी सोडण्याचा दंड 2030 नंतर बराच खाली येणार आहे, म्हणजे बडे संघ तेव्हा निघू शकतात. कोणती कॉन्फरन्स टिकेल यावर मी माझे पैसे लावणार नाही. तुमच्या मुलाचं कॉलेज तोवर आटोपलेलं असेल, तेव्हा तुम्हीही लावू नका.

शिवाय तो टीव्हीचा पैसा टेनिसपर्यंत येतच नाही. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या खटल्यात 2025 मध्ये तडजोड झाली, तेव्हापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; 2025-26 साठी मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर होती. त्यातलं बहुतेक फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातं. हा नवा खर्च भागवायला कात्री लागते ती छोट्या खेळांना. या तडजोडीच्या आधीही, स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठाने 2020 मध्ये 11 खेळ बंद करायची घोषणा केली होती आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी मागे घेतली. त्याच तडजोडीने टेनिसच्या संघाला 10 खेळाडूंची मर्यादा घातली. टीसीयूचा पुरुष संघ 2024 चा राष्ट्रीय विजेता आहे, तिथे तुमच्या मुलाला जागा मिळणार नाही. हे त्याला आत्ताच सांगा. क्लब टेनिस, म्हणजे हौशी विद्यार्थ्यांचं टेनिस, खेळेल, झालं.

शिक्षणाचं थोडक्यात. आर-वन हा शिक्का 2025 मध्ये मिळाला, पण तो संशोधनावरचा खर्च आणि पीएचडींची संख्या मोजतो. पहिल्या वर्षाचं अकाउंटिंग कोण शिकवतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. फायनान्ससाठी एसएमयूच्या कॉक्स बिझनेस स्कूलचा खरा फायदा पत्त्याचा आहे: बँका आणि गुंतवणूक कंपन्या दारात, गोल्डमन सॅक्सचं मोठं कॅम्पस डॅलसमध्येच उभं राहतंय. टीसीयूच्या नीली बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थी 1973 पासून खऱ्या पैशांचा फंड चालवतात, आणि फोर्ट वर्थहून डॅलस तीसेक मैलांवर आहे. पत्त्यासाठी थोडे जास्त द्यायला माझी ना नाही. टेनिस पहिल्या वर्षानंतर सुटलं तर पडणारा 36 हजारांचा फरक मात्र देणार नाही.

कर्जाचं सांगतो. 401-के ला हात लावू नका. नोकरी गेली तर ते कर्ज लवकरच पूर्ण फेडायची वेळ येऊ शकते, आणि आयटीत नोकरीचं काय चाललंय ते मी तुम्हाला काय सांगू. मुलगा इथेच जन्मलेला असल्याने त्याच्या स्वतःच्या नावावर चार वर्षांत 27 हजारांचं सरकारी कर्ज मिळेल. (ज्यांची मुलं एच-4 व्हिसावर (एच-1बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत, त्यांना हा दरवाजा बंद आहे, त्यांनी वेगळं लिहावं.) पेरेंट प्लसवर (पालकांच्या नावावरचं सरकारी कर्ज) 1 जुलै 2026 पासून एका मुलामागे वर्षाला 20 हजार आणि एकूण 65 हजारांची मर्यादा आहे, त्यामुळे "कमी पडलं तर बघू" हे आता पूर्वीसारखं चालत नाही. पगारातून वर्षाला 15 हजार काढता येतील असं तुम्ही लिहिलंय. मग टीसीयूत 529, पगार आणि मुलाचं कर्ज मिळून 23 हजार कमी पडतात. एसएमयूत टेनिस पहिल्या वर्षानंतर सुटलं तर 59 हजार, आणि ही तूट भरायची वेळ येईल तेव्हा धाकटी बारावीच्या उंबरठ्यावर असेल.

माझं मत ताईंच्या बाजूने. टीसीयू. एकच अपवाद: एसएमयूचा कोच टेनिसचे 18 हजार चार वर्षांसाठी लेखी द्यायला तयार असेल आणि मुलगा चार वर्षं खेळायला मनापासून तयार असेल, तर एसएमयू घ्या. प्रवेश पक्का करायची 1 मे ही तारीख जवळ आलीय. कोचला आज रात्रीच ईमेल करा, फोनवर बोलू नका. आणि मुलाला विचारताना वडिलांनी खोलीत नसलेलं बरं.