भागिले शून्य म्हणजे अनंत? वाचकांचे प्रश्न

शून्य आणि अनंत यांचा तोच गोंधळ पत्रांतून पुन्हा पुन्हा येतोय, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह आपल्याकडचं का? (लातूर)
नाही. इंग्रज गणिती जॉन वॉलिस यांनी ते १६५५ मध्ये वापरलं.

भास्कराचार्य आमच्या बीडचेच ना? मुलीच्या भाषणासाठी हवंय. (बीड)
ठामपणे सांगायला लावू नका. त्यांनी स्वतः गावाचं नाव ‘विज्जडविड’ लिहिलंय, आणि ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावजवळच्या पाटणला जा, तिथल्या शिलालेखात नातू चांगदेवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. लग्नघटिकेत मोती पडल्याची लीलावतीची कथाही भाषणातून काढा. ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या फारसी भाषांतरातून पसरली, मूळ ग्रंथात नाही.

आठवीतल्या मुलाला शिकवणीत सांगितलं, एक भागिले शून्य अनंत, भास्कराचार्यांनीच सिद्ध केलंय. (परभणी)
हे ऐकलं की जीव तुटतो, कारण मुलं हेच घोकून परीक्षेला बसतात. शाळेच्या गणितात शून्याने भागत नाहीत. भागाकाराचा ताळा गुणाकाराने करतात; शून्याला कशानेही गुणून एक येईल का? १ ला ०.१, ०.०१, ०.००१ ने भागत गेलं तर १०, १००, १००० येतात. उणे बाजूने गेलं तर उणे १०, उणे १००. मग अनंत कोणत्या बाजूचा?

ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहिलं होतं. भास्कराचार्य पुढे गेले. शून्य छेद असलेल्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटलं. तिच्यात काही मिळवा, काढा, ती बदलत नाही. सृष्टी-प्रलयात जीव बाहेर पडले, आत गेले तरी अनंत अच्युत बदलत नाही, तशी. बाराव्या शतकात केवढी ही झेप! पण त्याच भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एका अज्ञात संख्येला शून्याने गुणून शेवटी शून्यानेच भागलं आणि ती संख्या १४ असं उत्तर काढलं. आज ते तसं चालत नाही, तिथे सीमेची कल्पना लागते, म्हणजे शून्याच्या जवळ जवळ जाताना उत्तर कशाकडे सरकतं ते बघावं लागतं. म्हणून ‘सिद्ध केलं’ म्हणण्याआधी मूळ श्लोक उघडा, आणि शाळेतल्या गणिताच्या व संस्कृतच्या शिक्षकांकडून समजून घ्या. परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, याच आठवड्यात.

गॅलिलिओसारखे गुरूचे चंद्र पाहायला ‘५२५ पट’ दुर्बीण घ्यावी का? भिंग ६० मिमी आहे. (जालना)
नको. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये वीसेक पटींच्या दुर्बिणीने चारही चंद्र पाहिले. ६० मिमीच्या भिंगातून साधारण १२० पटींच्या पुढे चित्र नुसतं धूसर होतं. खोक्यावरचा आकडा गिऱ्हाइकासाठी छापलेला. तिपाईवर बसवलेली १० × ५० ची (१० पट, ५० मिमी भिंग) द्विनेत्री पुरते. सोबत डोळ्याकडच्या भिंगावर लावायची सूर्याची काळी काच आली असेल, तर आजच मोडून फेका. उन्हाने ती तडकते आणि डोळा जातो. पैसे मोजण्याआधी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला जा, तिथल्या दुर्बिणीतून बघा आणि चालवणाऱ्यालाच विचारा.