माहेरची गोदा, सासरची लक्ष्मी आणि नऊ एकर जमीन

प्रश्न : आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आणि आजीचे माहेर शेजारच्या खटाव तालुक्यात आहे. दोन्ही घरांत तीन पिढ्यांची सोयरीक आहे. आजी आमच्या घरात आली तेव्हाच आजोबांची बहीण आजीच्या भावाला दिली, म्हणजे साटेलोटे. पुढे माझ्या वडिलांनी मामाचीच मुलगी केली, ती माझी आई. आजीच्या वडिलांची नऊ एकर वडिलोपार्जित जमीन होती. ते १९६२ साली वारले, त्यांच्या पत्नी १९७० साली. माझी आजी १९७९ साली गेली आणि आजीचा भाऊ, म्हणजे आईचे वडील, १९९१ साली. आजोबा आणि त्यांची बहीण त्याआधीच वारले होते. १९९१ च्या फेरफाराने जमीन फक्त माझ्या दोन मामांच्या नावावर झाली. त्यात 'मयताची बहीण गोदाबाई निपुत्रिक मयत, मुलीने तोंडी हक्क सोडला' असे लिहिले आहे. आजीचे माहेरचे नाव गोदा, सासरचे लक्ष्मीबाई. मामेभाऊ म्हणतात, गोदा लहानपणीच वारली, तुमची लक्ष्मीबाई आमच्या घरातली नव्हेच. हे मला गेल्या वर्षी कळले. वडील २०१६ साली वारले, आई हयात आहे. आमचा हक्क लागतो का? नाते कसे सिद्ध करायचे? डीएनए चाचणी करावी का? (पत्रातली नावे बदलली आहेत.)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रासोबत आलेली वंशावळ वाचली. ती तुम्ही घरातल्या माणसांची म्हणून काढली आहे, त्यामुळे रेघा एकमेकींत गुंतल्या आहेत आणि तुमची आई त्यात दोन ठिकाणी दिसते. न्यायालयाला ती वेगळ्या रीतीने लागते. आधी मालमत्ता घ्यायची, ती ज्याच्या नावावर होती तो मूळ पुरुष वर लिहायचा आणि त्याच्यापासून खाली उतरायचे. कोण कोणाची सून झाली हे तिथे गौण असते. मूळ पुरुषाच्या, म्हणजे आजीच्या वडिलांच्या खाली दोनच शाखा आहेत, मुलगी गोदाबाई आणि मुलगा. तुमचे वडील पहिल्या शाखेतले, आई दुसऱ्या शाखेतली. तुमच्या घरात दोन वेगळे हक्क दोन वेगळ्या वाटांनी आले आहेत. "तुझी आई आमच्याकडचीच, तिचे लग्न आम्ही करून दिले" असे कोणी म्हटले तरी एका हक्काने दुसरा बुडत नाही.

मामेभाऊ गोदाबाईलाच का नाकारतात, त्यामागे कायद्याचे कारण आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १५(२) नुसार स्त्रीला आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत, तिला मूलबाळ नसेल तर, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. गोदाबाईला अपत्य नव्हते असे ठरले की तिचा हिस्सा कायद्यानेच तिच्या भावाच्या घरी परतला, असा त्यांचा युक्तिवाद उभा राहतो. अपत्य होते असे ठरले, तर कलम १५(१) प्रमाणे तो तिच्या मुलामुलींचा. सगळा खटला या एका मुद्द्यावर उभा आहे : माहेरची गोदा आणि सासरची लक्ष्मी एकच होती का.

हिस्सा किती, ते आधी सांगते, म्हणजे कशासाठी धडपडायचे ते कळेल. जमीन वडिलोपार्जित आहे, १९६२ साली मूळ पुरुषामागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी होती, आणि नोंदींतून आणखी कोणी वारस निघाला नाही, हे धरून हिशोब करू. १९६२ साली लागू असलेल्या याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झाले असे मानायचे. त्यात बाप, पत्नी आणि मुलगा यांना प्रत्येकी तीन एकर. बापाचे तीन एकर मग पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान, म्हणजे गोदाबाईला एक. १९७० साली पत्नी वारल्यावर तिचे चार एकर दोन्ही मुलांना निम्मे, म्हणजे गोदाबाईला आणखी दोन. एकूण तीन एकर. मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीचा लाभ आजीला मिळत नाही, कारण ती तेव्हा हयात नव्हती. पण तिला त्या दुरुस्तीची गरजही नाही, कारण हे तीन एकर १९५६ च्याच कायद्याने तिचे झाले आहेत.

उरलेल्या सहा एकरांत तुमच्या आईचा हक्क आहे. यातले तीन एकर तिच्या वडिलांना वारशाने आलेले, त्यात १९९१ साली तिन्ही अपत्यांचा समान वाटा. बाकीचे तीन एकर एकत्र कुटुंबाचे. तिथे सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल उपयोगी पडतो. ९ सप्टेंबर २००५ रोजी मुलगी हयात असली की पुरे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. म्हणजे आईचे दोन एकर, मामांचे दोन-दोन.

'तोंडी हक्क सोडला' ही ओळ वाचून घाबरू नका. शेतजमिनीतला हक्क तलाठ्यासमोर तोंडी सांगून सुटत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. ही एक ओळ लिहून गावोगावच्या किती बहिणींना सातबाऱ्याबाहेर ठेवले गेले आहे, हे वकिली करताना रोज दिसते आणि प्रत्येक वेळी संताप येतो. फेरफार नोंद महसूल कोणी भरायचा एवढ्यापुरती असते, मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच.

आता पुरावा. मामेभाऊ आज सांगतात गोदा लहानपणी वारली, आणि त्यांच्याच वडिलांनी १९९१ साली सांगितले की ती निपुत्रिक वारली. ही दोन विधाने जुळत नाहीत. शिवाय १९९१ च्या फेरफारात तिचा उल्लेख करावा लागला, याचा अर्थ सातबाऱ्यावर तिचे नाव तोवर कुठेतरी असणार. माझा अंदाज असा की १९६२ च्या वारसनोंदीत मुलाचे नाव कब्जेदार सदरी लागले आणि मुलीचे 'इतर हक्कात' गेले. त्या काळात सर्रास असेच करत. म्हणून खटाव तालुक्याच्या वडूजमधल्या तहसील कार्यालयातून १९६२ चा फेरफार, वारस नोंदवही म्हणजे गाव नमुना ६क, आणि साठच्या दशकापासूनचे सातबारे यांच्या नकला मागा. जुन्या सातबाऱ्यावर कमी केलेले नाव कंसात असते आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. तो क्रमांक धरून एकेक फेरफार मागे जा. 'मुलगी गोदाबाई' पुढे तुमच्या गावाचे नाव लिहिलेले निघाले, तर लहानपणी वारल्याची गोष्ट तिथेच संपते. भावाचे नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून लागले असेल तर तेही जपा, कारण तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून नोंदला गेला, एकटा मालक म्हणून नव्हे. काही नकला आता शासनाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर मिळतात, पण न्यायालयासाठी सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल घ्या.

खटाव तालुक्यातली काही गावे पूर्वी औंध संस्थानात होती आणि संस्थान १९४८ साली विलीन झाले. आजीचे माहेर त्यांपैकी असेल तर त्याआधीची दप्तरे वेगळ्या नमुन्यात असू शकतात. तहसीलमध्ये 'नाही' म्हणाले तरी जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात आणि पुराभिलेख संचालनालयात चौकशी करा. कागद मोडी लिपीत निघाला तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, आणि न्यायालयात त्या जाणकाराला साक्षीला यावे लागेल हे त्यांना आधीच सांगा.

जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहायचे. इथे बहुतेक लोक चुकीच्या गावात शोधतात. आजीच्या अपत्यांचे जन्म तुम्ही तुमच्या गावात शोधलेत. पण पहिले बाळंतपण माहेरी होते. तुमची थोरली आत्या हे आजीचे पहिले अपत्य, तेव्हा तिच्या जन्मसालाच्या मागेपुढे दोन-तीन वर्षे खटावकडच्या गावाचे कोतवाल बुक चाळा. तिथे तुमच्या आजोबांच्या नावाने 'मुलगी' अशी नोंद आणि पत्ता माणमधला सापडला, तर परगावच्या माणसाचे मूल या गावात का जन्मले, याचे उत्तर मामेभावांना द्यावे लागेल. तुमचे वडील मामाकडे राहून शिकल्याचे तुम्ही लिहिता. मग त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. पालकाच्या रकान्यात आईच्या वडिलांचे नाव असेल, नाते 'मामा' असे लिहिले असेल, तर १९९१ च्या कितीतरी आधी त्यांनी स्वतः मान्य केलेले ते नाते ठरते.

साटेलोट्याचा सर्वात मोठा उपयोग मात्र तुमच्या स्वतःच्या गावात आहे. मामेभावांची आजी तुमच्या आजोबांची बहीण. तिच्या वडिलांच्या पश्चात तुमच्या गावी झालेली वारसनोंद काढा. त्यात मुलगी म्हणून तिचे नाव आणि खटावकडचा पत्ता असेल. तिच्या मृत्यूनंतर मामांनी वारस म्हणून तिथे काही हिस्सा घेतला का, तेही बघा. घेतला असेल तर दोन्ही घरांत सोयरीक होती हे त्यांनीच लिहून दिल्यासारखे आहे. साट्याची एक बाजू कागदावर सिद्ध झाली की दुसरीचा तोंडी पुरावा वजनदार होतो. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक २ मध्ये दोन्ही घरांची जुनी खरेदीखते, गहाणखतेही शोधा. अशा दस्तांत 'भ्रतार', 'माहेरचे नाव', 'उर्फ' असे तपशील सहज येऊन जातात.

हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून सांगणारे लोक, तुमच्या भागात फिरतात. कुळाचा हेळवी सापडला तर त्याच्या वहीत काय आहे ते बघा, त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्याही बघा. हा पुरावा चालतो, पण काळजीपूर्वक तपासला जातो. बिहार राज्य विरुद्ध राधाकृष्ण सिंह या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की वंशावळ कोणी केली, कशाच्या आधारे, ती कोणाच्या ताब्यात होती आणि वादाआधीची आहे का, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. तुम्ही गेल्या वर्षी वहीत सुंदर अक्षरात लिहिलेली वंशावळ म्हणूनच पुरावा होत नाही, ती फक्त शोधाचा नकाशा आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे मयत व्यक्तीचे नात्याबद्दलचे विधान ग्राह्य आहे, पण ते वाद सुरू होण्याआधीचे हवे. लग्नपत्रिकेवरचा मजकूर, जुनी पत्रे, रुखवतावर घातलेली नावे, यांतले काहीही फेकू नका.

डीएनए चाचणी इथे उपयोगाची नाही. तुम्ही आईकडून मामेभावांच्या नात्यातल्याच आहात. आत्यांचे रक्तही त्यांच्याशी जुळेल, कारण त्यांची आजी आत्यांची सख्खी आत्या होती. चाचणी नाते दाखवील, पण ते गोदाबाईकडून आले का हे सांगणार नाही. पैसे वाचवा.

मामाची मुलगी केली म्हणून आईवडिलांचे लग्नच बेकायदा, असे मामेभावांच्या वकिलाने म्हटल्याचे तुम्ही शेवटी लिहिले आहे. हिंदू विवाह कायद्यात रूढी असेल तर अशा विवाहाला मुभा आहे आणि आपल्याकडे ती रूढी सर्वपरिचित आहे. याशिवाय कलम १६ ने अपत्यांचा आईवडिलांच्या मिळकतीतला हक्क सुरक्षित ठेवला आहे. त्यावर अधिक वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तुमच्या वंशावळीत गोदाबाईखाली फक्त तुमचे वडील आहेत. दोन्ही आत्यांची नावे कुठेच नाहीत. गोदाबाईच्या तीन एकरांत वडिलांचा एक, आणि दोन्ही आत्यांचा प्रत्येकी एक आहे. वडिलांच्या एकरात आई, तुम्ही आणि तुमचा भाऊ समान. ज्या कारणाने तुमच्या आजीचे नाव गेले, तेच तुम्ही आत्यांबाबत करू नका. प्रतिज्ञापत्रावर जाणूनबुजून अपुरी वंशावळ देणे हा गुन्हाही आहे, आणि आवश्यक पक्षकार वगळले म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो. दोन्ही आत्यांना वादी म्हणून सोबत घ्या. त्या तयार नसतील तर प्रतिवादी करा, पण वगळू नका.

फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपिलाची मुदत साठ दिवसांची, आणि इथे तीन दशके उलटली आहेत. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मालकीचा प्रश्न महसूल अधिकारी सोडवू शकत नाही. माझा सल्ला असा की थेट दिवाणी न्यायालयात वाटप, हिश्श्याची घोषणा आणि मनाई यांचा दावा लावा. मुदतीचा आक्षेप येईल. सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने मानला जातो. तुम्हाला उघडपणे नाकारून ते बारा वर्षांहून अधिक काळ ताबा ठेवून होते, हे त्यांनी सिद्ध करायचे आहे. त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा कधी नाकारले, ती तारीख नीट आठवून लिहून ठेवा. दावा दाखल होताच त्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे मधल्या काळात जमीन विकली गेली तरी खरेदीदार निकालाला बांधील राहील. आईला आणि आत्यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

थोरल्या आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत असे तुम्ही लिहिता. लग्नात आजीचे नाव बदलल्याचे त्यांनी आजीच्या तोंडून ऐकले आहे, मामाच्या घरी सुट्टीत जाऊन राहिल्या आहेत, आजीला माहेरचे सगळे 'गोदे' म्हणून हाक मारत ते त्यांच्या कानांनी ऐकले आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे नात्याची खास माहिती असलेल्या माणसाची अशी साक्ष, वागणुकीतून दिसणारी, ग्राह्य असते आणि त्यांच्याइतकी माहिती असलेले दुसरे कोणी आज हयात नाही. कागद गोळा होईपर्यंत त्यांची साक्ष लांबवू नका. दाव्यासोबतच अर्ज द्या, की वय आणि प्रकृती पाहता त्यांची साक्ष आधी, घरी न्यायालयाचा आयुक्त (कोर्ट कमिशनर) पाठवून नोंदवावी. उलटतपासही त्याच वेळी होऊ द्या, म्हणजे उलटतपास राहिला म्हणून पुढे ती साक्ष कोणाला बाजूला सारता येणार नाही. त्यांना काय सांगायचे ते पढवू नका. त्यांना आठवते तेवढेच आणि त्यांच्या शब्दांत बोलू द्या.