मात्रांच्या मधली जागा

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रात्री ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी गाणी, दिवसा स्वतःची. आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘एक काहीतरी धर.’ तुझ्या वयात मलाही हेच ऐकवायचे. मी काही धरलं नाही, त्याचा तोटाही झाला, ते असो. तुला जिमी जेम्स नावाच्या गायकाचं सांगतो.

‘आप जैसा कोई’ तू दर कार्यक्रमात गातोस. १९८० च्या ‘कुर्बानी’तलं. त्याची चाल बांधणारा बिड्डू बंगळुरूचा. चार वर्षं आधी, १९७६ मध्ये, लंडनला त्याने जिमीकडून ‘नाउ इज द टाइम’ गाऊन घेतलं. चकचकीत डिस्को. ब्रिटनच्या चार्टवर ५ व्या क्रमांकापर्यंत गेलं. पण हा गडी जमैकाचा. १९६४ मध्ये व्हॅगाबॉन्ड्स बँडबरोबर तो इंग्लंडात आला, त्याच वर्षी बँडची ‘स्का टाइम’ नावाची एलपी डेक्का या रेकॉर्ड कंपनीने काढली. स्का म्हणजे जमैकाचं नाचायचं संगीत.

मधली बारा वर्षं बघ. तिथल्या पोरांना सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जीव ओतून गायचं संगीत, हवं होतं, म्हणून हे लंडनच्या मार्की क्लबात सोल वाजवू लागले. क्लबात नाव झालं. रेकॉर्डींचं मात्र रडतखडत. १९६८ मध्ये ‘रेड रेड वाइन’ ३६ व्या क्रमांकावर अडकलं. १९७० मध्ये बँड फुटला. जिमीने पुढे नवे वादक जमवले आणि त्याच नावाने गात राहिला.

लोक म्हणतात, वारा येईल तशी पाठ फिरवली. मला नाही पटत. जरा टाळी दे: एक-आणि-दोन-आणि. स्कामध्ये गिटारचा तुटक झटका त्या ‘आणि’वर पडतो. डिस्कोत बेस ड्रम प्रत्येक आकड्यावर ठोकत राहतो, आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली पायाने उघड-मीट होणारी झांजेची जोडी, ‘त्स्स’ करून उघडते कुठे? त्याच ‘आणि’वर. जागा तीच, तिथे बसणारं वाद्य तेवढं बदललं. जमैकात वाढलेल्या गायकाच्या अंगात ती जागा आधीपासूनच होती. व्हॅगाबॉन्ड्समधलाच फिल चेन पुढे ब्रिटिश गायक रॉड स्ट्युअर्टच्या १९७८ च्या डिस्को गाण्यात बेस गिटार वाजवताना सापडतो, त्याचंही मला नवल वाटत नाही.

आता तुझ्याकडे येतो. पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या कडव्यापासून तू नेमका त्या ‘आणि’वर घाई करतोस. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवाला सांभाळून घेतो म्हणून तुला कळत नाही. तुझ्या स्वतःच्या गाण्यात सांभाळायला कोणी नाही, तिथे ते उघडं पडतं. कुठला प्रकार धरू, हा प्रश्न सहा महिने बाजूला ठेव, आधी ती ‘आणि’ची जागा धर.

रविवारी सकाळी ये. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं अ‍ॅप, टाकून आण, मिनिटाला ९० ठोक्यांवर लावू. गिटार मी सुरात लावून ठेवतो.

तुझा,
काका