त्या जानेवारीतही तुम्ही बाबांचीच मुलगी होतात

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची. राहते नेरूळला, नोकरी महापेला, दिवसभर खुर्चीवर. बाबांना मधुमेह होता. शेवटची चार वर्षं ते डायलिसिसवर होते. त्या धसक्याने मी पहाटे साडेपाचला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या बागेत तासभर चालायला जायला लागले, रात्रीचा भात कमी केला. एचबीए१सी (म्हणजे तीन महिन्यांतली सरासरी साखर) ५.९ होतं, ते गेल्या वर्षी जानेवारीत ५.६ आलं. मग सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सगळं सुटलं. परवाच्या रिपोर्टमध्ये ६.१ आहे. वजन ५८ किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे जाड म्हणावी अशी मी नाही. कंबर मात्र ८६ सेंटिमीटर. रक्तातच आहे तर एवढा आटापिटा कशासाठी? आणि पुन्हा सुरू करायचं तर कुठून?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच फायलीत आहे. दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. ५.६ आलं त्या जानेवारीतही तुम्ही बाबांचीच मुलगी होतात. रक्त तेच होतं, वेगळं होतं ते चालणं आणि रात्रीचं ताट. ५.७ च्या आत असलं की ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावरून एकदा मागे फिरून आला आहात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना हे शक्य असतं यावरच विश्वास नसतो. तुमच्याकडे त्याचा कागद आहे.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी मधुमेहाचा धोका मोजायची १०० गुणांची एक धोकापट्टी बनवली. मी ती नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात टेबलाच्या काचेखालीच ठेवली आहे. जास्तीत जास्त वयाचे ३०, कंबरेचे २०, हालचालीचे ३० आणि आईवडिलांचे २०. दोघांनाही मधुमेह असेल तर पूर्ण २०, एकालाच असेल तर १०. तुमचा हिशोब मांडते : वयाचे २०, कंबरेचे १०, बैठं काम आणि व्यायाम नाही म्हणून ३०, बाबांचे १०. झाले ७०. साठ आणि त्यापुढे म्हणजे धोका जास्त. नियमित चालणं सुरू झालं आणि कंबर ८० च्या आत आली, तर हालचालीचे दहा आणि कंबरेचे दहा कमी होऊन हेच ७० चे ५० होतात. बाबांचे दहा तिथेच राहणार. पण वीस तुमच्या हातात आहेत.

आणि ‘जाड नाही’ या समाधानात राहू नका. आपल्याकडे हातपाय बारीक आणि चरबी पोटाशी, असं पुष्कळांचं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच वर्षानुवर्षं अभ्यासून दाखवलं आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जवळ ठेवा.

हे मी इतक्या कळकळीने का लिहिते, तेही सांगते. माझी आई भर मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घालायला अनवाणी गेली होती. संध्याकाळी पाय धुताना मला तिच्या टाचेवर रुपयाएवढा फोड दिसला. तिला विचारलं, तर म्हणाली, ‘कुठे काय झालंय?’ मधुमेहाने पाय बधिर झालेले, चटका बसल्याचं तिला कळलंच नव्हतं. ती जखम भरायला पाच महिने लागले. पुढे एकोणचाळिसाव्या वर्षी माझीच उपाशीपोटीची साखर १०४ आली, तेव्हा ती टाच डोळ्यांसमोर होती. कचराळी तलावाला फेऱ्या सुरू केल्या. जूनमध्ये पाऊस लागला, फेऱ्या बंद पडल्या आणि दिवाळीपर्यंत बंदच राहिल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सगळा भार एकाच खांबावर टाकला होता. तुमचंही तेच झालं आहे. पहाटेचा तास गेला आणि त्याच्याबरोबर सगळंच गेलं. म्हणून या वेळी पहाटेपासून सुरू करू नका. सासूबाईंचं करून, नोकरी करून साडेपाचला उठणं महिनाभर जमेल, मग पुन्हा सुटेल आणि सुटल्याचा दोष तुम्ही स्वतःला द्याल.

रात्रीच्या जेवणापासून सुरू करा. तुम्ही किती वाजता जेवता ते लिहिलेलं नाही, पण महापेहून घरी येऊन, स्वयंपाक करून, सासूबाईंना वाढून नऊ-साडेनऊ होतच असणार. ऑफिसला दुसरा छोटा डबा न्या. एक ज्वारीची भाकरी नाहीतर दोन फुलके, मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ, काकडी-गाजराचे तुकडे. सात वाजता तोच खा. चहाबरोबरची खारी-बिस्किटं आपोआप सुटतात, कारण ती भुकेपोटी खाल्ली जातात. घरी आल्यावर वाटीभर ताक, भाजी आणि असेल तर माशाचा एखादा तुकडा, बस्स. भात सोडायचा नाही. दुपारी एक वाटी, आधी भाजी-उसळ खाऊन मग. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी मात्र सोडाच. उपवासाच्या नावाखाली निव्वळ पिठूळ खाणं होतं.

आणि जेवलं की दहा मिनिटं चालायचं. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसलं तरी स्नायूंचा हा दुसरा दरवाजा उघडा असतो. बाहेर जायची गरज नाही. मी पावसाळ्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधून फेऱ्या मारते. सासूबाईंना डॉक्टरांनी वॉकर घेऊन चालायला सांगितलं असेल, तर त्यांच्या फेऱ्या आणि तुमच्या फेऱ्या पॅसेजमध्ये एकाच वेळी होऊ द्या. दोन्ही जेवणांनंतरची दहा-दहा मिनिटं धरली तर आठवड्याला १४० मिनिटं होतात. ज्वेलला रविवारी जा, मोकळ्या हवेसाठी.

एवढ्याने फरक पडतो का? चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या माणसांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी काही बदललं नाही, त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणं आणि चालणं सुधारलं, त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे शंभरातली सोळा माणसं. मला हा आकडा लहान वाटत नाही.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्या. हिमोग्लोबिन तपासा, अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटंच वाढलेलं दिसू शकतं. म्हणून उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखरही करून घ्या. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे पत्रात नाही. वाढली असेल तर तेही सांगा, कारण त्याने पुढचा धोका बराच वाढतो. डॉक्टरांनी गोळी सुचवली तर ती घ्या, तुमचं चालणं वाया गेलं असं समजू नका.

एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी नको. तेव्हा मला कंबरेचं मापही कळवा. आणि भाऊ-बहीण असतील तर त्यांचंही. बाबा त्यांचेही होते.