आधी उतार बघ, बॅटरी नंतर

तुझा मेसेज तीनदा वाचला. मोठ्या मालगाडीच्या लोकोत, म्हणजे इंजिनात, १९,००० लिटर डिझेल, लिटरमागे साधारण १० युनिट, म्हणजे १९० मेगावॅट-तास, त्यातले जेमतेम एक तृतीयांश चाकापर्यंत पोचले तरी साठेक, आणि बॅटरी-लोकोची बॅटरी कितीची तर २.४ किंवा ७ मेगावॅट-तास. मग बॅटरी-लोकोचा हा विषय सोडून देऊ का, असं विचारतेयस. गणित बरोबर आहे तुझं, पण तू टाकीशी टाकी तोलत बसलीस, लाईन बघितलीच नाहीस. आधी उतार बघ.

हीच चूक मी सही करून केलीये म्हणून इतका चिडतोय. अवजड मालवाहतुकीच्या एका लाईनसाठी हायब्रिड लोकोचा रिपोर्ट माझ्याकडे होता, तेव्हा एका ड्रायव्हरने मला कॅबमध्ये बसवून नेलं. उतार लागला, त्याने डायनॅमिक ब्रेक ओढला (यात चाकांच्या मोटरीच जनित्र होऊन गाडी आवरतात, आणि ती वीज छतावरच्या ग्रिडमध्ये, म्हणजे रोधकांच्या जाळीत, उष्णता होऊन जाते), जाळी थंड करणारे छतावरचे ब्लोअर गर्जायला लागले, खिडकीतून मागे बघितलं तर ग्रिडवरची हवा तापून थरथरत होती आणि त्यापलीकडचे डबे वाकडे दिसत होते. तो म्हणाला, साहेब, चढताना जाळलं ते आता वर उडतंय. मी मान हलवली आणि रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली नाही, कारण मी सरासरी पॉवरवर हिशोब मांडला होता आणि सरासरीत उतार दिसतच नाही. निष्कर्ष काढला, बॅटरी निरुपयोगी. काम बंद पडलं. ते आजही खातं मला.

आता हे मांड. १०,००० टनांची गाडी १०० मीटर खाली उतरली की २.७ मेगावॅट-तास सुटतात. सगळे हाती लागत नाहीत, काही चाकांच्या रोधात जातात, काही मोटर आणि कन्व्हर्टरमध्ये, आणि वॅगनचे एअर ब्रेक लावले की तेवढी वीज गेलीच. पण डिझेलच्या टाकीत हे परत ओतता येत नाही गं, एक थेंब नाही! बॅटरी एका उतारावर भरते, पुढच्या चढावर रिकामी होते, परत भरते. म्हणून २.४ चा आकडा एकदाच मोजायचा नसतो.

२०२१ मध्ये बीएनएसएफ या अमेरिकन रेल्वे कंपनीने कॅलिफोर्नियात बार्स्टो ते स्टॉकटन, वॅबटेक या लोको बनवणाऱ्या कंपनीचा तोच २.४ चा बॅटरी-लोको डिझेल लोकोंच्या जोडीला लावला, मध्ये तेहाचापीचा घाट आहे, २१,००० किलोमीटरच्या वर चालवून सरासरी ११ टक्के इंधन वाचलं. एकटा पूर्ण जोर लावून तो पाऊण तासही टिकला नसता. ऑस्ट्रेलियात पिलबारात भरलेल्या गाड्या खाणीकडून खाली बंदराकडे येतात आणि रिकाम्या वर जातात, तिथे रॉय हिल या खाण कंपनीने ७ मेगावॅट-तासांचा लोको मागवला तो उगाच नाही. उतार बघितला त्यांनी.

आणि सपाट लाईन असेल तर? तर मग सरळ सांग की इथे ब्रेकमधून फार काही मिळणार नाही. तेही उतार बघूनच कळतं.

तुझ्या मॉडेलमध्ये अजून एक गोष्ट खटकली. घाटमाथ्यावर तू बॅटरी १०० टक्के भरलेली दाखवलीयस. मग खाली उतरताना वीज जाणार कुठे? परत छतावर, ग्रिडमध्ये! माथ्यावर तिच्यात जागा हवी, आणि किती जागा हे पुढचा उतार ठरवतो. शिवाय बॅटरी मिनिटाला किती घेऊ शकते तेही बघ, नुसती मोठी असून भागत नाही.

लोक म्हणतात मी हेकट आहे, त्या रिपोर्टनंतर दोन वर्षं नुसत्या ब्रेकच्या नोंदी गोळा करत बसलो. बसलो, आणि परत बसेन. बॅटरीची केमिस्ट्री बदलत राहील, डोंगर तिथेच राहणार आहे.

विषय सोडायचा का ते आत्ता ठरवू नकोस. लाईनचा ग्रेडियंट चार्ट पाठव, दर किलोमीटरची उंची आणि उतारावरच्या वेगमर्यादा घालून, मागच्या वेळी त्या नव्हत्या. आणि कुठल्यातरी ड्रायव्हरला विचार, ब्लोअर नेमके कुठे सुरू होतात. ती जागा चार्टवर पेन्सिलने खूण करून ठेव.