चित्रकथांचं तोंडी भाषांतर: यात पोट भरेल का?

ताई, नमस्कार.

कराडहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गळीत हंगामात ती ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) जाते, तिथल्या बायकांकडून चित्रकथा गोरमाटीत, म्हणजे बंजारा समाजाच्या बोलीत, सांगून घेते आणि मोबाईलवर रेकॉर्ड करते. ‘हा नाद सोडून बी.एड. कर म्हटलं तर ऐकत नाही, यात पोट भरेल का?’ असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या यावर आज घर चालणार नाही. पैसे बहुतेक प्रकल्पापुरते मिळतात, कायमच्या नोकऱ्या थोड्या. पण याला नाद म्हणू नका. गोरमाटीतच वाढलेलं पोर मराठी शाळेत बसतं, तेव्हा त्याला पहिल्या दिवशी कळेल अशी गोष्ट कुणीतरी तयार करायलाच हवी.

शिवाय तिची रीत चांगली आहे. एकेक मराठी वाक्य वाचून ‘हे तुमच्यात कसं म्हणता?’ असं विचारलं की शब्दाला शब्द मिळतो आणि गोष्ट मरते. ती आधी सगळी गोष्ट सांगते, मग चित्रं समोर ठेवून बाईला तीच गोष्ट पोराला सांगायला लावते. आता पुढची पायरी हवी. गोष्ट आधी न ऐकलेल्या दुसऱ्या कुणाला ते रेकॉर्डिंग पानापानाने ऐकवायचं आणि काय समजलं ते मराठीत विचारायचं. गोष्ट कुठे घसरली ते लगेच कळतं.

रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्यावी, भाषांतरकार म्हणून सांगणारीचंच नाव लावावं. आणि तिला पैसे द्यावेत. दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाईचा तास फुकट मागू नये. पुस्तकंही दिसेल ती घेऊ नयेत. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून खुल्या परवान्याच्या गोष्टी आहेत, श्रेय देऊन त्यांचं भाषांतर करता येतं.

बी.एड. नंतरही होईल. माझं मत विचाराल तर आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून भाषाविज्ञानात एम.ए. करू द्या. मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण तिथल्या अभ्यासकांनी गावोगावी लोकांना बोलतं करूनच केलंय. एम.ए.नंतर बी.एड. केलं तर शाळेची वाटही मोकळी राहते.

पुढचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होईल. तोवर तिने एक गोष्ट पुरी करावी: आवाज, देवनागरीत उतरवलेली गोरमाटी आणि शेजारी मराठी. काम मागायला जाताना हाच नमुना दाखवता येईल.