त्रिकटूत कडू काय आहे?

प्रश्न असा: सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून 'त्रिकटु' होतं, पण त्यातलं एकही कडू नाही. उलट कडुनिंबाला आयुर्वेद 'तिक्त' म्हणतो. मग 'कडू' आणि 'तिखट' यांची अदलाबदल झाली का?

तसं वाटतं खरं, पण सरकला तो एकच शब्द. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. 'कटु'चा 'कडू' झाला तो अर्थ बदलून. 'तिखट' मात्र 'तिक्त'चं पोर नव्हे; ते 'तीक्ष्ण', 'तिक्ख' या वाटेने आलं. 'तिक्त'चा खरा वारस बंगालीत आहे: तिथे 'तेतो' म्हणजे आजही कडू. आणि हिंदीवाले मोहरीच्या झणझणीत तेलाला 'कडवा तेल' म्हणतात, तो जुन्या 'कटु'चाच अवशेष.

घोळ जुनाच आहे. कुटकी ही वनस्पती चवीला कडूजहर, पण संस्कृत नाव 'कटुका'. गीतेच्या सतराव्या अध्यायातला 'कटु' ज्ञानेश्वरीत 'कडुवट' होतो, तोही काळकूटाच्या तुलनेने. म्हणजे तेराव्या शतकात मराठी कान या शब्दात कडवटपणाच ऐकत होता.

मग मूळ अर्थ ठरवायचा कसा? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सव्विसावा अध्याय उघडावा. तिथे ऋषी रस, म्हणजे चवी, किती यावर वाद घालतात. कोणी म्हणतो एकच, कोणी दोन, तीन. विदेहाचा निमी 'क्षार' धरून सात सांगतो, कांकायन तर अगणित. शेवटी गुरू आत्रेय सहावर शिक्कामोर्तब करतात. पण मला त्याहून मोलाची वाटतात ती पुढे दिलेली लक्षणं, कारण ती जिभेवरून लिहिली आहेत. जिभेला टोचतो, तोंड-नाक-डोळ्यांची आग करून पाणी काढतो, तो कटु. (मिरची तेव्हा इथे नव्हतीच, ती पोर्तुगीजांमागून आली. हे वर्णन मिरी-पिंपळीचं.) जिभेवर पडताच बाकीच्या चवी मारतो, स्वतः रुचत नाही, पण तोंड स्वच्छ आणि कोरडं करून वर आल्हादही देतो, तो तिक्त. पाडव्याचा कडुनिंब चावून पाहिलेल्याला हे पटेल, आल्हाद सोडून!

तेव्हा जुन्या ग्रंथाच्या मराठी अनुवादात मिरी 'कडू' छापलेली दिसली, तर चूक अनुवादकाची समजा.